सिस्टरची एकवीस पाकिटं

“तोंड उघड. जीभ वर.”

वैशाखऱ्याच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर गोळी दिल्यावर एवढंच म्हणायच्या. गोळी पोटात गेली की गालात लपली, याची खात्री झाल्याशिवाय समोरच्याला उठू द्यायच्या नाहीत. एकदा भर ग्रामसभेत त्यांनी सरपंचांना हिवतापाची गोळी दिली आणि तोंड उघडायला लावलं. गोळी गालातच होती. सरपंचांनी निमूटपणे पाणी मागितलं, ती गिळली, आणि मग गावाच्या रस्त्याचा ठराव पुढे वाचला गेला.

त्यांचं नाव मी सांगत नाही. सांगूनही ओळख पटायची नाही, कारण ते कधी कुणी वापरलंच नाही. यजमान हयात होते तोवर तेही त्यांना सिस्टरच म्हणत.

मुरबाडला एसटी स्टँडजवळ माझं औषधांचं दुकान आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत सिस्टरांना ब्लडप्रेशर निघालं, तेव्हापासून त्या दर महिन्याला माझ्याकडे गोळ्या न्यायला येत. माझ्या दुकानात त्या गिऱ्हाईक म्हणून कमी आणि तपासणीला जास्त यायच्या. आधी मुदत संपणारी औषधं पुढे का नाहीत, फ्रीजचं दार नीट का लागत नाही, सगळं विचारायच्या. मी चाळिशीचा होतो, पण त्यांच्यापुढे माझा हात आपोआप शर्टाची बटणं तपासायचा.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. सिस्टर निवृत्त झाल्या. मुलगा न्यूझीलंडला नोकरीला होता, त्यानं आईला कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं आणि कागदपत्रं सुरू केली. आठ महिन्यांनी व्हिसा आला. मुलानं फोनवर बजावलं होतं की गोळ्या तीन महिन्यांपुरत्याच आणायच्या, त्या मूळ पाकिटात असायला हव्यात, आणि सोबत डॉक्टरांचं पत्र हवं. तिकडचे डॉक्टर ते पत्र बघून पुढच्या गोळ्या लिहून देतील.

पत्राचीच पहिली अडचण झाली. आमच्या डॉक्टरांचं अक्षर अख्ख्या तालुक्यात मला एकट्यालाच लागायचं. कधी कधी तर तेच मला फोन करून विचारायचे की काल मी काय लिहिलं होतं. सिस्टरांनी पत्र उलटं धरलं, सुलटं धरलं, आणि मला म्हणाल्या, “हे वाचायला तुला तिकडं नेऊ का मी?” मग त्या डॉक्टरांकडे परत गेल्या आणि कंपनीचं नाही, औषधाचं मूळ नाव सुट्या, मोठ्या अक्षरांत लिहून मागितलं. हेच डॉक्टर नवखे असताना शीर कशी शोधायची ते त्यांना सिस्टरांनी शिकवलं होतं. त्यांनी मुकाट्यानं दुसरा कागद घेतला. सही मात्र निघायच्या आधी, शेवटची तपासणी करून देईन म्हणाले.

मी नऊ पाकिटं दिली. एका पाकिटात दहा गोळ्या. चार दिवसांनी सिस्टर एक काचेची बरणी घेऊन आल्या. बॅगेत जागा नव्हती, म्हणून सगळ्या गोळ्या सोलून त्यांनी बरणीत भरल्या होत्या. बॅगेत काय होतं ते मी विचारलं नाही, पण पापडाचा वास त्यांच्या पदरालाही येत होता. मी म्हटलं, सिस्टर, मूळ पाकिटात हव्यात. विमानतळावर बरणी बघून त्यांना काय कळणार?

त्या बरणी उचलून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या काउंटरवर पाकिटं मांडली. प्रत्येक गोळी पुन्हा आपल्या खळग्यात बसवली होती आणि मागून जखमेला लावायची चिकटपट्टी लावली होती. पट्ट्या इतक्या सरळ कापलेल्या, की मला क्षणभर वाटलं, कंपनीनंच नवं पाकीट काढलं. मग मी ती मोजली. मी नऊ दिली होती. समोर एकवीस होती.

रिकामी पाकिटं जपून ठेवायची त्यांना नोकरीपासूनची सवय होती, वरचे साहेब तपासायला येत म्हणून. पण या बाकीच्या गोळ्या कुठून आल्या, असं मी विचारलं. सिस्टरांनी फ्रीजकडे बघितलं.

“दिवसाआड घेत होते,” त्या म्हणाल्या. “व्हिसाचं सुरू झालं तवापासून. तिकडं गेल्या गेल्या पोराला दवाखान्यात हेलपाटे नको. त्याची नोकरी नवी हाय.”

मी त्यांना तसाच डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी पट्टा दोनदा बांधला, दोनदा हवा भरली आणि आकडा सांगितलाच नाही. पत्र त्यांनी टेबलाच्या खणात टाकलं. विमानाला तीन आठवडे होते. तीन आठवडे रोज गोळी, तीही कुणाच्या तरी समोर, मगच सही. सिस्टर म्हणाल्या, माझ्यावर विश्वास नाय? डॉक्टर खाली बघत म्हणाले, तुम्हीच शिकवलंय.

ते ‘कुणीतरी’ मी होतो. रोज दहाच्या एसटीनं त्या यायच्या, काउंटरपाशी उभ्या राहून गोळी घ्यायच्या, आणि मला म्हणावं लागायचं, “सिस्टर, तोंड उघडा. जीभ वर.” तिसऱ्या दिवशी पायरीवर चार माणसं उभी होती. आठवड्याभरात पार धसई गावाहून लोक येऊ लागले. सगळे कधी ना कधी त्यांच्या हातून गोळी गिळलेले. सरपंच तर खुर्ची मागून बसले. “नीट बघ रे,” मला म्हणाले, “डाव्या गालात बघ.”

तीन आठवड्यांनी आकडा उतरला. सही झाली. चिकटपट्टीची पाकिटं मी टाकून दिली आणि नवी नऊ दिली. बॅगेत त्यांना जागा करावीच लागली. थोडे पापड माझ्या घरी आले.

पंधरा-वीस दिवसांनी दुकानात फोन वाजला. विमानतळावरच्या माणसानं पत्र वाचलं, पाकिटं बघितली आणि लगेच जाऊ दिलं, म्हणून सिस्टर नाराज होत्या. एवढी तयारी केली, त्यानं नीट विचारलंसुद्धा नाही. तिकडच्या डॉक्टरांनी तपासलं, प्रेशर बरं निघालं. मुलाची फक्त अर्ध्या दिवसाची रजा गेली. पण पुढच्या गोळ्यांच्या खोक्यावर भलतंच नाव होतं, म्हणून फोन. मी म्हटलं, त्याखाली बारीक छापलेलं वाचा. त्यांनी एकेक अक्षर वाचलं. औषध तेच होतं. मी तसं दोनदा सांगितलं, तेव्हा त्यांना पटलं.

मग त्यांनी विचारलं, “वैशाखऱ्याला नवी सिस्टर आली का रे?”

मी म्हटलं, अजून नाही. उपकेंद्राला कुलूपच आहे.

“मग रातीचा इंचू चावला तर माणसं जातात कुठं?”

“इथं, मुरबाडला.”



“लांब पडतं,” सिस्टर न्यूझीलंडहून म्हणाल्या.