जांभळा धागा

"लिहून घ्या मॅडम," असं म्हणत मावशी चिमटीत काहीतरी धरून माझ्या टेबलासमोर उभ्या राहायच्या. केस, सुतळी, गुटख्याची पुडी. एकदा पीस निघालं. "कोंबडी बी आलती कापूस वेचाया!" आणि स्वतःच हसायच्या.

आमचं जिनिंग वैजापूर रस्त्याला. शेतातला कापूस इथे येतो, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी सूतगिरणीला जातात; पुढे सूत, कापड, शर्ट. तुम्ही-आम्ही बघतो तो फक्त शर्ट. कापूस यंत्रात जाण्याआधी त्यातला कचरा हाताने निवडायचं काम मावशी आणि आणखी अकरा बायकांचं. नोंदी माझ्याकडे.

सगळा जन्म कापसात गेलेल्या मावशींच्या अंगावर मात्र पॉलिएस्टरची जांभळी साडी. "सुती लुगडं परवडतंय कुणाला? हे धुतलं की वाळतंय." काठ पार उसवलेले. त्यांनीच मला बजावलं होतं, "आमच्या साड्यांचे दोरेच कापसात जात्यात मॅडम. वरून घालाया सुती एप्रन द्या. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. पण खरेदीत यंत्राचा पट्टा आधी, ताडपत्री आधी. एप्रन पुढच्या यादीत. असे तीन हंगाम गेले. मालकांपुढे मी तो विषय एकदाही काढला नाही.

मग गिरणीची तक्रार आली. सोबत पांढऱ्या कापडाचा तुकडा, त्यात जांभळी रेघ. मालकांनी बायकांना रांगेत उभं केलं. मावशी आपणहून पुढे आल्या आणि पदराचं टोक त्या तुकड्याशेजारी धरलं.

"माझंच हाय. लिहून घ्या मॅडम."

"उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले.

एप्रनची यादी माझ्या हातातल्या वहीतच होती. मी वही उघडली आणि हजेरीतलं मावशींचं नाव खोडलं.

आठवड्याभरात एप्रन आले. बारा. यादी जुनीच होती.

उरलेला एक घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी शिवण ताणून पाहिली, कापड बोटांत चोळलं. "सुती हाय. चांगला हाय." मग नीट घडी घालून माझ्या हातात परत दिला. "घरात काय करू ह्याचं? लिहून घ्या मॅडम, मिळाला म्हणून."

वही पिशवीत होती. मी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी नवी बाई आली. तिला तो एप्रन दिला, सही घेतली.