मी टाइप केलेला दाखला

साहेब वारले तेव्हा गिरगावात त्यांच्या घरासमोर गाड्यांची रांग लागली होती म्हणतात. मी गेले नाही. गेलेल्या माणसाविषयी आता कशाला, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. माझं मन काही वितळलं नाही. ते जिवंत असताना त्यांना जे ऐकवायचं होतं ते मी ऐकवलं, तेवढंच समाधान.

मी त्यांच्याकडे टायपिस्ट होते. आम्ही मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत, लालबागच्या चाळीत एका खोलीत सात माणसं. मॅट्रिक झाल्यावर टायपिंग आणि शॉर्टहँड शिकले आणि या नामांकित वकिलांच्या ऑफिसात चिकटले. साहेब दिवसा कोर्टात आणि संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत. व्यासपीठावर त्यांचा आवाज असा लागायचा की मैदानातली माणसं उठून घोषणा द्यायची. मीही दिल्या आहेत. आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यांच्या हाताखाली एक ज्युनिअर वकील होता. परळच्या चाळीतला, महार समाजातला, बाप गिरणीत, हा रात्रशाळेत शिकून वकील झालेला. मी त्याला दादा म्हणायची, तो मला ताई. साहेबांचे अर्धेअधिक मसुदे तोच लिहायचा आणि साहेब कोर्टात उभे राहून आपले म्हणून वाचायचे. बसायला मात्र त्याला बाहेरच्या पॅसेजमधलं बाकडं.

दादाला न्यायाधीश व्हायचं होतं. त्याच्या समाजातला माणूस त्या खुर्चीवर बसलेला त्याने कधी पाहिला नव्हता, मीही नाही. दिवाणी न्यायाधीशांच्या जागांची जाहिरात आली तेव्हा अर्ज मी टाइप केला. डबा खाताना मी त्याला मुलाखतीचे प्रश्न विचारायची आणि तो घास हातात धरून उत्तरं द्यायचा. मला कायद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण उत्तर देताना तो अडखळला तर ते कळायचं.

अर्जाला एक दाखला लागायचा. ज्या वकिलाच्या हाताखाली काम केलं, त्याने तो द्यायचा, बंद पाकिटात, लाख लावून, परस्पर धाडायचा. अर्जदाराने त्यात काय आहे ते बघायचं नाही. साहेब दादाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, आजच देतो. दादा बाहेर गेल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि इंग्रजीत मजकूर सांगितला. मुलगा कष्टाळू आहे. त्याच्या समाजाच्या मानाने बुद्धीही बरी आहे. मात्र न्यायासनाला लागणारा समतोल घराण्यातून येतो, तो याच्यात यायला अजून एखादी पिढी जावी लागेल. मध्येच त्यांनी चहा सांगितला, बिनसाखरेचा.

केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, टाइप केलं. नोकरी जाईल म्हणून मूग गिळून बसले आणि कार्बन कॉपी फायलीला लावली. दुसऱ्या दिवशी दादा साहेबांना द्यायला संत्री घेऊन आला. साहेबांनी ती ऑफिसभर वाटली. एक मीही सोलून खाल्लं.

मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. आपलं इंग्रजी कमी पडलं असं दादाने ठरवून टाकलं आणि तो मोठ्याने इंग्रजी पेपर वाचायला लागला. ते संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांवरच्या गोळीबाराचं साल. पकडलेल्या पोरांना जामिनावर सोडवायला दादा या पोलीस चौकीतून त्या चौकीत धावायचा, आणि सुटलेल्या पोरांच्या सभेत गळ्यात हार पडायचे साहेबांच्या. दसऱ्याला दादा नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आला. आल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे पॅसेजमधलं बाकडं सोडलं आणि माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसला. साहेबांनी बघितलं आणि आत निघून गेले.

त्या खुर्चीमुळेच मला राहवलं नाही. रोज हातभर अंतरावर बसून तो इंग्रजी सुधारत होता आणि मला कारण माहीत होतं. एक दिवस फायलीतली कार्बन कॉपी पर्समध्ये घातली आणि कोर्टाबाहेरच्या इराण्याकडे त्याच्यासमोर ठेवली. त्याने दोनदा वाचली.

"ताई, हे तुम्ही टाइप केलंत?"

मी हो म्हटलं.

"एकही चूक नाही," तो म्हणाला आणि कागद घडी करून मला परत दिला.

त्या दिवसापासून मला साहेबांचा सूड घ्यायचा होता, आणि खरं सांगायचं तर माझा स्वतःचाही. मी एकच चित्र रंगवायची. दादा खुर्चीत, साहेब खाली उभे, मान लववून म्हणताहेत, युअर ऑनर. दादाला काय हवं होतं ते मी विचारतच नव्हते.

दुसरी जाहिरात आली. या वेळी दाखल्यासाठी आम्ही दादरला एका निवृत्त पारशी न्यायाधीशांकडे गेलो. त्यांच्यापुढे दादाने कितीतरी खटले चालवले होते. त्यांनी स्वतःच्या हाताने दाखला लिहिला आणि पाकीट बंद करण्याआधी दादाला वाचायला दिला. आता अडचण उरली वयाची. दादा वयाच्या अटीच्या काही महिने पुढे गेला होता. आदल्या वर्षी तो अटीत बसत होता, ते वर्ष साहेबांनी खाल्लं. अस्पृश्य जातींना वयात सवलत होती, पण बौद्ध झालेल्यांना ती लागू नव्हती.

मी डोकं चालवलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दादाची जुनी जात होतीच. अर्ज टाइप करताना त्या रकान्यात मी तीच घातली, हिंदू महार. कागदाला कागद जुळत होता, कोण विचारणार? रविवारी अर्ज घेऊन परळला गेले. त्याच्या आईने चहा दिला. खोलीत देवांच्या तसबिरी होत्या तिथे भिंतीवर चौकोनी डाग राहिले होते. आता एकच तसबीर होती, बुद्धाची.

दादाने अर्ज वाचला, पेन काढलं, त्या दोन शब्दांवर सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, बौद्ध. मग सही केली.

मी भडकले. एका शब्दापायी साहेबांना मोकळं सोडता, असं त्याच्या आईसमोर बोलले.

"साहेबांनी माझा अर्ज भरला असता ना, ताई, तर त्यांनीही तुम्ही लिहिलं तेच लिहिलं असतं," तो म्हणाला.

अर्ज तसाच गेला आणि वय जास्त म्हणून परत आला.

परत आला त्या आठवड्यात, दादा बाहेरच्या कामाला गेला असताना, गिरणी कामगारांची चार माणसं साहेबांना सभेचं बोलावणं द्यायला ऑफिसात आली. साहेबांना चेव आला. त्यांनी माणसांसमोरच मला भाषणाचा मजकूर सांगितला, मराठी माणसाला न्याय कसा नाकारला जातो वगैरे. संपल्यावर त्यांच्या सवयीप्रमाणे म्हणाले, वाच. मी वहीमधून कार्बन कॉपी काढली आणि तो दाखला वाचला, एकेक वाक्य मराठीत करून, तारखेसकट, खालच्या साहेबांच्या नावासकट. घराण्यावर आले तेव्हा साहेब खुर्चीतून उठले. मी थांबले नाही. त्या चौघांतला एक परळचाच होता. त्याने टेबलावरची टोपी उचलली आणि चौघं जिना उतरले. साहेबांचा चेहरा मी पोटभर पाहिला. नंतर किती वर्षं तो चेहरा आठवून मला छान झोप लागायची.

नोकरी गेली, जायचीच होती. मी संध्याकाळी तशीच परळला गेले आणि दादाला सगळं रंगवून सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने एवढंच विचारलं,

"साहेबांना लाज वाटली?"

"काळेठिक्कर पडले."

"बरं झालं," तो म्हणाला. "माझं वय कमी झालं का?"

मी विचारलं, पुढचा अर्ज कुणाचा भरायचा. त्याने खालच्या मजल्यावरच्या एका मुलीला हाक मारली. ती लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिला बाविसावं लागायला अजून दोन महिने होते, वयाची अट कितीतरी लांब होती.