अब्बांनी मागितलेला ओटीपी

आधीच सांगते, या सदरात कधी लिहीन असं मला वाटलं नव्हतं. इथले अनुभव मी वाचते ते दातओठ खात. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कुणीतरी येऊन बसतं, आणि खाली प्रतिक्रियांत लगेच कुणीतरी ताईत नाहीतर उतारा सुचवतं. असल्या ताईतवाल्यांविरुद्ध मी पत्रकं लिहिली आहेत, बाजाराच्या दिवशी पारनेरच्या चौकात उभी राहून वाटली आहेत, त्यापायी शिव्या खाल्ल्या आहेत. तेव्हा खालचं वाचून मला कुणी काही बांधायला, फुंकायला, जाळायला सांगू नये. जे झालं ते सांगते. कसं झालं, ते मला माहीत नाही...

मी नसीम. नगरला सावेडीत एका फ्लॅटमध्ये अम्मीसोबत राहते. अब्बा मूळचे पारनेरकडचे. बाजारपेठेत त्यांचा छोटा छापखाना होता. घर चालायचं लग्नपत्रिकांवर आणि बिलबुकांवर, पण त्यांचा जीव पत्रकांत. दारूबंदीवाल्या बाया, हमाल संघटना, हुंड्याविरुद्ध लढणारी पोरं — खिशात पैसे नसलेल्या सगळ्यांची पत्रकं अब्बा छापून द्यायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच, आणि भांडायलाही.

छापखान्यात एक पाटी होती: ‘तोंडी दुरुस्ती घेतली जाणार नाही.’ म्हणजे प्रूफवर गिऱ्हाइकाची सही झाली की नंतर फोनवरून काहीही सांगितलं तरी अब्बा एक अक्षर हलवायचे नाहीत. एकदा निवडणुकीतला एक उमेदवार फोनवर आरडाओरडा करत होता, माझा आवाज ओळखत नाही का म्हणून. अब्बा शांतपणे म्हणाले, “साहेब, आवाज तुमचाच हाय. सही कुठंय?”

गेली काही वर्षं मी बचत गटांच्या बायकांना ऑनलाइन फसवणुकीबद्दल सांगत फिरते. राहात्याला, पारनेरला, जिथं बोलावतील तिथं. त्याचं पत्रक मी लिहिलं आणि अब्बांनी छापलं. छापखाना बंद करण्यापूर्वीचं ते त्यांचं शेवटचं काम. मी लिहिलं होतं, ‘कुणीही मागो, ओटीपी द्यायचा नाही.’ अब्बांनी चष्मा वर केला. ‘कुणीही’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, आपला माणूस त्यात येत न्हाई, म्हणाले. मग त्यांनीच ओळ बदलली: ‘पोटचं पोर मागो की जन्मदाता बाप, आवाजावर ओटीपी द्यायचा नाही.’

मग अब्बा उमऱ्याला, म्हणजे मक्का-मदिनेच्या यात्रेला निघाले. सोबत त्यांचे जुने मित्र रहीमचाचा, राहात्याचे. अम्मीच्या अंगात एवढं चालण्याची ताकद नव्हती, ती थांबली.

बँकेचं सगळं मी बसवून दिलं. कार्ड परदेशात चालू केलं, पण मर्यादा अगदी कमी ठेवली. हॉटेलच्या फुकट वायफायवर बँकेचं ॲप उघडायचं नाही, असं बजावलं. रोमिंग महाग, म्हणून अब्बांचं इथलं सिम घरीच ठेवलं, एका साध्या बटणांच्या फोनमध्ये. म्हणजे ओटीपी इकडे येणार, माझ्याकडे. तिकडे ते तिथलं सिम घेणार आणि व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालवणार. ठरलं असं, की काही घ्यायचं असेल तर अब्बांनी आधी व्हॉट्सॲपवर लिहायचं, कशाचे आणि किती. मी मेसेजशी ताडून बघायचं आणि मग ओटीपी लिहून पाठवायचा. फोनवर बोलून काही नाही. आवाज आता कुणाचाही करता येतो, हे मी त्यांना दाखवलं होतं. त्यांना ते फार आवडलं. म्हणाले, “म्हंजी पाटी लावलीच म्हणायची.”

पहिले काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मदिनेच्या रेल्वेचं तिकीट, फोनचा रिचार्ज. अब्बा लिहायचे, मी ताडायचे, पाठवायचे.

त्या दिवशी दुपारी मी हॉलमधल्या टेबलावर नव्या पत्रकाचा मजकूर तपासत बसले होते. अम्मी आत पडली होती. बटणांचा फोन माझ्यासमोरच होता. तो वाजला — मेसेज. ओटीपी. रक्कम किरकोळ, दोघांच्या चहा-नाश्त्याएवढी. पैसे कुणाला जाणार ते जिथं लिहिलेलं असतं, तिथं काहीच नव्हतं. कोरी जागा.

व्हॉट्सॲप पाहिलं. अब्बांचं काही नव्हतं.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. साधा कॉल. स्क्रीनवर नाव — अब्बा. आणि अब्बांचा नंबर ज्या सिमचा, ते सिम घातलेला फोन माझ्या कोपरापाशी पडलेला. स्क्रीन काळी.

मी घाबरले नाही. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. बायकांना सांगत होते, ते माझ्याच घरी आलं होतं. कुणाचाही नंबर दाखवून फोन करता येतो, हे मला ठाऊक होतं. मी उचलला.

“नसीम, आकडे आलेत न्हवं? सांग.”

सलाम नाही, दुवा नाही. पण आवाज... दोन शब्दांच्या मध्ये अब्बा जसा श्वास घ्यायचे, तोसुद्धा होता. मी म्हटलं, व्हॉट्सॲपवर लिहा.

“फोन जवळ न्हाई. रहीमकडं राहिला.”

“मग हा कुणाच्या फोनवरून करताय?”

“माझ्याच की.”

चोर सापडला, असं मला वाटलं. फोन जवळ नाही, आणि करतोय स्वतःच्याच फोनवरून. मी म्हटलं, आवाज छान बसवलाय, किती दिवस लागले? त्यावर तो चिडला नाही. चोर चिडतात, घाई करतात, खातं बंद होईल म्हणून धमकावतात. हा तसं काहीच करत नव्हता.

“बेटा, मला दारात उभं केलंय. एवढं भरल्याबिगर आत घेत न्हाईत. लई ऊन हाय.”

कुठल्या दारात, हॉटेलच्या का, मी विचारलं.

“मला बी कळंना. लई लोक हायती हितं. समद्यांची मान्सं आकडे सांगत्यात, त्ये आत जात्यात.”

इथं मी फोन ठेवायला हवा होता, हे माझं मीच शिकवते — बोलत बसू नका. पण मला त्याला हरवायचं होतं. मी म्हटलं, माझ्या बापाच्या छापखान्यात एक पाटी होती, ती सांगा.

अब्बा प्रूफ वाचताना एकेक शब्द सुटा करायचे तसं तो म्हणाला, “तोंडी. दुरुस्ती. घेतली. जाणार. न्हाई.”

ती पाटी शेकडो गिऱ्हाइकांनी वाचलेली. त्यातून काय सिद्ध होतं? काहीच नाही. मी म्हटलं, “मग झालं तर. पाटी वाचलीत, आता ठेवा.”

पलीकडून बारीक हसल्यासारखं ऐकू आलं. “व्हय. पाटी माझीच हाय.” मग बराच वेळ नुसता माणसांचा गलबला, लांबून. “राहू दे. बरूबर करतियास तू. मी थांबतो हितंच.”

फोन बंद झाला. ओटीपीची मुदत संपली.

चहाच्या वेळी मी अम्मीला सगळं रंगवून सांगितलं, एक चोर अब्बांचा आवाज काढून आला होता, परत पाठवला म्हणून. अम्मीने विचारलं, अगदी त्यांच्यासारखा? मी नक्कल करून दाखवली. ‘लई ऊन हाय’ हे तर इतकं हुबेहूब केलं की अम्मी तोंडाला पदर लावून हसली. ती त्यानंतर हसलेली मी पाहिलेली नाही.

संध्याकाळी रहीमचाचांचा फोन आला. अब्बा गेले होते. पहाटेच्या, फजरच्या नमाजनंतर हॉटेलकडे येताना रस्त्यात बसले ते उठलेच नाहीत. दवाखान्यात नेलं तेव्हा सगळं संपलं होतं. अब्बांचा फोन लॉक, आमचा नंबर चाचांना पाठ नाही, टूरवाल्याकडून तो मिळवण्यात दिवस गेला. तिथलं घड्याळ आपल्यामागे चालतं, ते मी सगळं धरून पाहिलं. दुपारी मला तो फोन आला तेव्हा अब्बांना गुसल, दफनाआधीची शेवटची अंघोळ, देऊन झालं होतं.

मी चाचांना विचारलं, दवाखान्यात पैसे मागितले का कुणी? एक रुपयाही नाही, म्हणाले. कार्ड? अब्बांच्या कमरेच्या पट्ट्यात, चेन लावलेली, पट्टा चाचांजवळ. आणि फोन? “फोन माझ्याकडंच राहिला हुता बेटा, सकाळधरनं. नमाजला जाताना त्यानंच दिल्ता.”

दफन तिकडेच झालं. संमती मीच पाठवली.

आता स्पष्टीकरण. ते माझ्याकडे आहे, आणि चांगलं आहे. कार्डाचा नंबर आधीच कुठंतरी चोरीला गेला असणार. चोर आधी किरकोळ रक्कम टाकून बघतात. नंबर खोटा दाखवता येतो, आवाज बनवता येतो. दिवस तोच निघाला, हा योगायोग. सायबर पोलिसांतल्या तरुण अधिकाऱ्यानेही हेच सांगितलं, माझ्याच पत्रकातल्या शब्दांत. मॅडम, तुम्ही अगदी योग्य केलंत, म्हणाला. मीही तेच म्हणते. आजही म्हणते. मी चुकले नाही.

फक्त एक गोष्ट त्या स्पष्टीकरणात बसत नाही. त्या अधिकाऱ्याला ओटीपीचा मेसेज दाखवायला मी बटणांचा फोन उघडला आणि बोट चुकून दुसरीकडे गेलं. या फोनवरून केलेल्या कॉलची यादी उघडली. तो फोन आम्ही कधी बोलायला वापरलाच नव्हता. यादीत एकच कॉल होता. मला. त्याच दुपारचा.

नंबर खोटा दाखवला असेल तर माझ्या मोबाईलवर तो दिसेल. टेबलावर काळ्या स्क्रीनने पडलेल्या फोनमध्ये त्याची नोंद कशी होईल? अधिकाऱ्याने फोन उलटसुलट करून पाहिला. म्हणाला, तुमच्याच हाताने बटण दाबलं गेलं असेल. मी विचारलं, मग बोललं कोण? त्याने फोन माझ्या हातात परत दिला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मोबाईल कंपनीकडून कॉलचा तपशील मिळू शकतो. तो व्यवहार कुणी टाकला, हे बँक शोधू शकते. पण खातेदार वारला म्हटल्यावर दोघांनाही मृत्यूचा दाखला हवा. तो अम्मीकडे आहे आणि अम्मी देत नाही. दाखला दिला की खातं बंद होईल, कार्ड बंद होईल. मग आकडे कुठं येणार, असं ती विचारते.

भेटायला येणारे सगळे एकच म्हणायचे — केवढा नशीबवान माणूस, पाक जमिनीवर मरण, थेट जन्नत. अम्मी ऐकून घ्यायची. एकदाच बोलली, तेही त्यांच्याशी नाही. सगळ्या बायकांसमोर माझ्याकडे बघून म्हणाली, “मग दारात कोन उभं हाय?”

मी तिला समजावलं. चोर होता, अम्मी. आवाज बनवतात. पत्रक काढून ती ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, आसंल चोर. चोर तर चोर. एवढ्याशा पैशात तुझं काय गेलं असतं? त्यांच्या आवाजात मागत होता ना, मी असते तर सगळं खातं दिलं असतं.

बटणांचा फोन आता अम्मीच्या उशाशी असतो. चार्जिंग ती स्वतः बघते. रिचार्ज मी करते, पण फोनला मी हात लावायचा नाही. “तू देनार न्हाईस,” एवढंच म्हणते. रागाने नाही. भाजीवाल्याची किंमत सांगावी तसं.

अडचण एकच होती. अम्मीला कुराण वाचता येतं, पण मेसेजमधले इंग्रजी आकडे येत नव्हते. एका सकाळी ती पाठकोरं पत्रक आणि पेन घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, शिकव.

मी शिकवलं. ज्या बाईने गावोगाव फिरून सांगितलं की ओटीपी कुणाला वाचून दाखवू नका, तिने आपल्या आईला ओटीपी वाचायला शिकवलं. सहा आणि नऊ यांत ती फार गोंधळायची. मी खोटे ओटीपी लिहून द्यायचे, ती बोट ठेवून मोठ्याने वाचायची — मला नव्हे, समोरच्या भिंतीला. चुकली की स्वतःच कपाळावर मारून घ्यायची आणि पहिल्यापासून सुरू करायची.

त्या दुपारी काय झालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा. ताईत सोडून काहीही ऐकेन. फोन अजून आलेला नाही. आला, आणि पलीकडे चोर असो की कुणीही असो, अम्मी आता सहाही आकडे न अडखळता वाचते.