सांगलीत उतरलेली मिशी

सांगलीला हळदीच्या वखारीत लागलो तेव्हा माझ्या ओठावर मिशीची नुसती रेघ होती. वडील पलटणीबरोबर लढाईवर गेलेले. घराला हातभार हवा, म्हणून नववीतच शाळा सोडून मी जत भागातून इतका लांब आलो. लढाईवर जाताना वडिलांनी आपला वस्तरा मला दिला होता. "आमास्नी पलटणीत दाढीला पत्तीचं यंत्र देत्यात. मी येईस्तवर ह्यो तू वापर."

वापरायचा कसा, ते वखारीच्या मुकादमांनी शिकवलं. ते साताऱ्याकडचे, पेन्शनीत निघालेले शिपाई. माझ्यासारख्या परक्या पोराला त्यांनी आपल्या खोलीत जागा दिली, आपल्यातली भाकरी दिली. ते उपकार फिटायचे नाहीत. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर धारेकडून नव्हे, पाठीकडून ओढायचा. गाल दोन बोटांनी ताणायचा. हात हलका ठेवायचा. "दाबतुयास कशाला रं? ऊस तोडाय आलायस व्हय?" आणि रोज एक ताकीद: "मिशीला हात लावायचा न्हाई. बाप जिता हाय तुजा."

हे मला काय सांगायला हवं होतं! आमच्याकडे मिशी उतरते ती बाप नाहीतर आई गेल्यावर.

त्या उन्हाळ्यात वडिलांची खुशाली येईनाशी झाली. तारवाल्याच्या सायकलची घंटा ऐकली की हातातलं काम टाकून मी दाराकडे बघायचो. एका सकाळी खिडकीत आरसा टेकवून मी ओठाची कड साफ करत होतो, आणि दारातच घंटा वाजली. हात उडाला. तार शेठजींची निघाली, हळदीच्या भावाची. आरशात पाहिलं तर डावीकडची मिशी गेलेली, ओठावर रक्ताचा थेंब.

मुकादमांनी माझ्या ओठावरचं रक्त पुसलं. मग वस्तरा त्यांनी माझ्या हातून घेतला. "अर्धी ठिवून हिंडणार हाईस का? बस." उजवी बाजू त्यांनी उतरवली. वस्तरा पुसून, मिटून माझ्या हाती दिला.

बाहेर आलो तशी हमालांची थट्टा थांबली. चहावाल्यानं हलकेच विचारलं, "कोण गेलं रं?" तेवढ्यात मागून मुकादम सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडले, "कोण न्हाई गेलं! शिकाऊ गडी, हात घसरला. बाप खणखणीत हाय त्येचा!"

मिशी परत येईपर्यंत रोज सकाळी वखारीच्या दारात उभे राहून ते असंच ओरडायचे. 'खणखणीत' म्हणताना माझ्याकडे मात्र बघायचे नाहीत.

पावसाळा सरता सरता कळलं, वडील बेपत्ता आहेत. उन्हाळ्यापासून. नेमके कोणत्या दिवसापासून, ते पलटणीलाही ठाऊक नव्हतं.

आईनं सुतक धरू दिलं नाही. "मेल्यालं कुणी बघितलंय?" म्हणाली. कुंकू शेवटपर्यंत लावलं. थकली तेव्हा मला जवळ बसवून बजावलं, "मी गेल्यावर माज्यासाठी काढ मिशी. त्येंच्यासाठी न्हाई."

तसंच केलं. नदीकाठी उतरवली, ती तिच्या नावाची. पुन्हा वाढवली, आता सगळी पांढरी झाली आहे. दाढी मी अजून वडिलांच्याच वस्तऱ्यानं करतो, आणि मिशीच्या कडेशी आलो की कान दाराकडे जातो. सांगलीत उतरली ती कुणाच्या नावाची, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.