मामाची रोजची चूक

जगात रोज काही ना काही घडून गेलेलं असतंच, यावर माझ्या मामाचा जेवढा विश्वास आहे तेवढा खुद्द परमेश्वराचाही नसेल. भांडुपच्या त्याच्या चाळीत जिन्याखाली एक काळा फळा होता. त्यावर मामा रोज सकाळी, अंघोळीच्याही आधी, दिनविशेष, एक विनोद आणि एक माहिती लिहायचा. विनोद साधारण असे: बायको म्हणते, "अहो, वसंत आला." नवरा म्हणतो, "सांग, मी घरी नाही." यावर मामा स्वतःच दिवसभर हसायचा. पण त्याचा खरा खोडसाळपणा माहितीत होता. तिच्यात तो रोज एक चूक मुद्दाम घालायचा आणि कोण पकडतंय ते बघत गॅलरीत उभा राहायचा. "होळी अमावास्येला असते," असं लिहिलं त्या दिवशी समोरच्या मालवणी काकू तोंडातली मशेरी थुंकून ओरडल्या, "ओ मामानू, अवसेक होळी कधी पेटता?" मामा खूश. मग तो दोन कप चहा जास्त प्यायला.

पुढे चाळ पाडायला घेतली आणि मामा मुलुंडला, चौदाव्या मजल्यावर भाड्याने राहायला गेला. तिथला फळा काचेआड, कुलूपबंद. म्हणून मामा लिफ्टमध्ये कागद चिकटवायला लागला. वॉचमनने दोनदा काढला. तिसऱ्यांदा मामाने त्याला वसंताचा विनोद ऐकवला, तेव्हापासून चिकटपट्टी तोच आणून देतो. पण चुका पकडायला कोणी तयार नाही! लिफ्टमध्ये सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. "दिवसभर कुहू कुहू करते ती कोकीळ पक्ष्यातली मादी," हे खपलं. "वसंतात दिवस लहान होत जातो," हेही खपलं. शेवटी मामाने वैतागून वर तारीखच लिहिली, ३० फेब्रुवारी. ती तीन दिवस तशीच.

त्या रात्री त्याचा फोन आला. "अरे, तीस फेब्रुवारी रे! एकाने तरी शिवी घालायची. वाचतच नाही यार कोणी." मामाचा आवाज इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आधी मी घाटकोपरहून गुपचूप मुलुंडला गेलो. कागदावर होतं, "मुंबई मुळात नऊ बेटांची." अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी डाव्या हाताने लाल पेनाने खाली लिहिलं, "चूक! सात!" आणि वर न जाताच पळालो.

संध्याकाळी काहीच माहीत नसल्यासारखा त्याच्याकडे गेलो. जेवताना मामाने तीनदा सांगितलं, "वाचतंय रे कोणीतरी! एकदम झकास!" मीही तिन्ही वेळा तोंडभर आश्चर्य दाखवलं.

निघताना तो मला सोडायला लिफ्टमधून खाली आला. समोर तोच कागद. मामाने चष्मा लावून माझी लाल अक्षरं सावकाश वाचली.

"डाव्या हाताने त्रास होत असेल ना रे?" तो म्हणाला.

मी मजल्यांचे आकडे बघत राहिलो. तळमजला आला. दार उघडताना मामा हळूच म्हणाला, "उद्याची जरा सोपी ठेवतो."