बॉक्सिंगवाले चाचा

चाचा तिकीट लावून बॉक्सिंगचे सामने भरवत. पण पहिला ठोसा बसला की स्वतः मात्र डोळे मिटून घेत. "रगत बघवत न्हाई मला," म्हणत. महायुद्धाची वर्षं होती. नगरच्या छावणीत गोरे सोल्जर हातमोजे घालून लढत. त्यांच्या मेसमध्ये कामाला असताना मीही बघून बघून शिकलो होतो. एकदा मला सराव करताना पाहून चाचांनी विचारलं, "शमुवेल, हेच तिकीट लावून करशील का?"

त्यांचा मूळ धंदा तंबू भाड्याने देण्याचा. तंबू घरचा, दोर घरचे, हातमोजे सोल्जरांकडून जुने घेतलेले. बाजाराच्या गावी खेळ लागे. जमिनीवर बसणाऱ्याला चार आणे, खुर्चीला रुपया. इतर ठेकेदार खेळ संपल्यावर गल्ला बघून लढणाऱ्याच्या हातावर काहीतरी टेकवत. चाचा आधी देत. "तोंड सुजल्यावर कुठल्या तोंडानं मागशील?"

खेळाच्या आदल्या दिवशी दोन्ही लढणाऱ्यांना चाचांच्या घरी जेवण. चाची एकाच पातेल्यातलं मटण दोघांना वाढत. "खाणं सारखं आसलं, म्हंजे हरणाऱ्याला सबब उरत न्हाई," हा चाचांचा हिशेब.

एकदा त्यांनी घोडेगावला मोठा डाव मांडला. माझ्याशी लढायला पुण्याचा नामांकित बॉक्सर ठरवला. त्याच्या आगाऊ रकमेसाठी चाचींच्या पाटल्या गहाण पडल्या. बैलबाजाराला आलेली माणसं तंबूत मावेनात, आणि स्टेशनवर गेलेला टांगा रिकामाच परत आला. आगाऊ रक्कम घेऊनही पाहुणा गाडीत बसलाच नव्हता. लोक आरडाओरडा करू लागले. मी घाबरून म्हणालो, "चाचा, मागनं निघू या."

"लोकांचा पैसा घेऊन? मग उद्या तंबू कुठं ठोकू?"

ते दोरांच्या आत शिरले. "मंडळी, पाव्हणा आला न्हाई! ज्याला पैसे परत पायजेत, त्यानं दारावर घ्यावेत. न्हाईतर शमुवेल माझ्याशी लढंल."

पन्नाशीचे, चांगले ढेरपोटे चाचा! हातमोजे चढवले आणि घंटा होताच त्यांनी डोळे घट्ट मिटून दोन्ही हात गरगरा फिरवायला सुरुवात केली. मी हसत हसत चुकवत होतो. हसण्याच्या नादात एक फटका असा नाकावर बसला, की मी मटकन खालीच बसलो. तंबू फाटेल एवढा गलका उठला.

चाचांनी डोळे उघडले. "कोन पडलं?"

"मी पडलो, चाचा!"

माझ्या नाकातलं रक्त बघून तेही माझ्या शेजारी आडवे झाले. लोक पोट धरून हसत होते. पैसे परत मागायला एकही माणूस दाराशी गेला नाही. चाचींच्या पाटल्या त्याच आठवड्यात सुटून आल्या. पुढे कितीतरी दिवस बाजारात लोक चाचांना "पैलवान" म्हणून हाका मारत आणि चाचा लाजून टोपी सारखी करत.

युद्ध संपलं, सोल्जर गेले, खेळही बसला. मला लांबच्या एका शाळेत ड्रिलमास्तरची नोकरी लागली. चाचा-चाची स्टेशनवर पोचवायला आले. चाचींनी भाकरीचं गाठोडं दिलं. गाडी हलली तसे चाचा खिडकीबरोबर चालू लागले.

"मास्तर झालास, शमुवेल. पन पोरांवर हात उचलू नको हां. फुकट मारायची आपल्याला सवय न्हाई!"

आणि स्वतःच इतके हसले, की डब्यातली अनोळखी माणसंही हसू लागली. नोकरीभर मी एकाही मुलाला मारलं नाही.