केळुसकर बाईंचा खारातला भात

फोन आला तेव्हा मी बोरिवलीहून गोराईला जाणाऱ्या बोटीत होते. ऑक्टोबरचं ऊन, खाडीला ओहोटी लागलेली, शेजारी दोन स्कूटर आणि बर्फाच्या पेट्या. केळुसकर बाईंचा मुलगा निखिल म्हणाला, "सुवर्णा, आई गेली. झोपेतच गेली." मी म्हटलं, मी बोटीत आहे, लगेच परत फिरते. तो म्हणाला, "अर्ध्या खाडीतून कुठे फिरतेस? शेत बघूनच ये. नाहीतर ती उठून विचारेल, भात कसा आहे म्हणून..."

म्हणून मी शेतावर गेले. गोराईच्या बांधाला लागून पास्कलकाकांची खाचरं आहेत. काका मासेमारीही करतात आणि भातही लावतात, त्यांच्या वडिलांनीही तेच केलं. मी त्यांना सांगितलं, बाई गेल्या. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि पिकाकडे वळले. लोंब्या खाली वाकायला लागल्या होत्या. म्हणाले, "पाखरं बसतायत सकाळपासून. राखण ठेवायला लागेल." त्यावर मला रडू आलं. मुलुंडला बाईंच्या घरी पोहोचेपर्यंत ते थांबलं नाही.

केळुसकर बाई भाताच्या वाणांवर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञ होत्या. वर्तमानपत्रात त्यांचं नाव क्वचितच आलं असेल. त्यांचे वडील वेंगुर्ल्याकडचं शेत सोडून येऊन गिरणीत लागले होते. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत शिकून बाई डॉक्टरेटपर्यंत पोहोचल्या आणि लग्नानंतर मुलुंडला आल्या. त्यांची माझी भेट झाली ती एका मुलाखतीत. माझे वडील माणगावच्या भातगिरणीत हमाल होते. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. पुढचं शिकायला घाटकोपरला मामाकडे राहत होते, आणि बाईंच्या प्रकल्पात मदतनीस हवी आहे असं कळल्यावर अर्ज केला होता. समोर बसलेल्या तिघांनी इंग्रजीत प्रश्न विचारले आणि मी दोन वाक्यांत अडकले. बाईंनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि म्हणाल्या, "मराठीत सांग गं. भाताला कुठे इंग्रजी येतंय." उरलेली मुलाखत मराठीत झाली. इंग्रजी त्यांनी मला नंतर शिकवलं, तेही मुलुंडच्या स्वयंपाकघरात. त्या ओट्यापाशी बोंबील साफ करायच्या आणि मी मोठ्याने शोधनिबंध वाचायचे. चुकीचा उच्चार झाला की सुरी ओट्यावर एकदा आपटायची. बोलायच्या काही नाहीत. माझ्या कुटुंबात त्याआधी कोणी मला बसवून असं वाचून घेतलं नव्हतं. घेणार तरी कोण?

ते शोधनिबंध बहुतेक एकाच चिंतेचे असत. भाताची मोठी कोठारं नद्यांच्या मुखाशी आहेत, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या, इरावतीच्या, मेकाँगच्या, आणि तिथे समुद्राचं खारं पाणी दरवर्षी थोडं आत येतंय. रात्री तापल्या की दाणा नीट भरत नाही. खाचरात पाणी साचून राहिलं की जमिनीतून जो वायू निघतो त्याने हवा आणखी तापते. म्हणजे भाताला पाणी हवं, आणि पाणीच त्याचं वैरी होऊ पाहतंय. बाई हे सगळं ऐकायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "बांगलादेश कशाला, गोराईला चल. तिकडे आपलीच खाडी आत येतेय." त्यांना जगाची काळजी होती, पण ती करायची कुठे उभं राहून, हे त्यांनी ठरवून टाकलेलं होतं. पास्कलकाकांच्या बांधावर.

त्याच बांधावर त्यांच्या हातून एक चूक झाली होती. ती त्या स्वतःच प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत. बाई जिथे नोकरीला होत्या त्या संशोधन संस्थेने काकांच्या खाचरात एका सुधारित पांढऱ्या वाणाची चाचणी घेतली होती. वाण शुद्ध राहावं म्हणून त्यात उगवलेली परकी रोपं कापणीआधी उपटायची असतात. आम्ही त्याला भेसळ काढणं म्हणतो. काकांच्या शेतात जुन्या तांबड्या भाताची रोपं मधूनच डोकं वर काढायची, उंच, लाल कुसळांची. बाई ओळीओळीने फिरून ती उपटायच्या आणि बांधापलीकडच्या सखल कोपऱ्यात फेकायच्या. असं सलग काही वर्षं चाललं. मग एका पावसाळ्यात उधाणाला बांध फुटला. खारं पाणी खाचरात साचलं आणि सुधारित वाण पिवळं पडून करपून गेलं. आठवड्याने बाई बघायला गेल्या तर फक्त त्या सखल कोपऱ्यात हिरवं काही उभं होतं. फेकलेल्या रोपांचे दाणे तिथे झडले होते, मातीत पडून राहिले होते आणि पावसात उगवले होते. काका म्हणाले, "बाई, तुम्ही हाकललेली पोरं परत आली बघा." बाई त्या चिखलात उतरल्या. साडी भिजली, चप्पल रुतून बसली. त्या मला सांगायच्या, "मी तिथे उभी राहून एकच विचार करत होते, की मी एवढी वर्षं उत्तर उपटून फेकत होते."

पण ते उत्तर अर्धंच होतं. तांबड्या भाताला खार चालतो, मात्र त्याचे दाणे पिकले की शेतातच झडतात. कापायला जावं तर हातात नुसता पेंढा येतो. झडणार नाही आणि खारातही टिकेल असा भात हवा, तर दोघांचा संकर करायचा आणि पुढच्या पिढ्यांमधून निवड करत जायचं. प्रत्येक पिढीला एक पीक लागतं. बाईंना निवृत्त व्हायला फार दिवस उरले नव्हते, आणि त्या निवृत्त झाल्यावर प्रकल्पही बंद झाला. संस्थेतल्या कोणाचा त्यात दोष होता असं मला वाटत नाही. नव्या लोकांना नवी कामं होती. बाईंनी पास्कलकाकांच्या कोपऱ्यातल्या लोंब्या मागून घेतल्या आणि मुलुंडच्या घराच्या गॅलरीत प्लास्टिकचे टब मांडले.

त्या गॅलरीत मी पुष्कळ रविवार घालवले आहेत. समोर येऊरचे डोंगर, खाली रिक्षांचा स्टँड, आणि मध्ये टबांतून उभा असलेला भात. भाताचं फूल सकाळी थोडाच वेळ उघडतं. बाई भिंग लावून, बारीक चिमट्याने एका फुलातले पुंकेसर काढत, दुसऱ्याचे पराग त्यावर झटकत आणि वरून कागदी पिशवी चढवत. तेवढा वेळ घरात पंखा लावायचा नाही असा नियम होता. निखिल घामाघूम होऊन लॅपटॉपवर काम करत बसलेला असायचा. एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींनी तक्रार केली की तुमच्या टबांतल्या पाण्यामुळे डास होतात. महापालिकेचा माणूस अळ्या तपासायला आला. बाईंनी त्याला टबात वाकून बघायला लावलं. आत अळ्या खाणारे गप्पी मासे फिरत होते.

"बाई, हे काय, शेती करताय की मच्छी पाळताय?" त्याने विचारलं.

"दोन्ही. तुमच्याकडे तक्रार कोणी केली त्यांना सांगा, डास तिसऱ्या मजल्यावर आहेत. तिकडे कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्यात."

तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी राहत होते. तो माणूस खरंच तिकडे गेला. पुढे सेक्रेटरींनीच त्यांचे दोन रिकामे टब वर पाठवून दिले. बाईंशी भांडण फार दिवस टिकत नसे.

अशा पिढ्यामागून पिढ्या गेल्या. टबांतून काकांच्या खाचरात, खाचरातून परत टबांत. मी मधल्या काळात नोकरीला लागले, माझं लग्न झालं, मुलगी झाली. बाईंचे पती गेले. भात मात्र कधी कोणाच्या ताटात आला नाही, कारण तो कधी पुरेसा नसायचाच. जेवढे दाणे मिळत तेवढे पुढच्या पेरणीला लागत. बाजारातून आणलेला कोलम आम्ही जेवायचो आणि बाईंच्या भाताबद्दल बोलायचो. गेल्या वर्षी पहिल्यांदा काही किलो हाती आला. खारं पाणी शिरूनही तो उभा राहिला होता आणि दाणा झडला नव्हता. पण तोवर बाईंचा आजार बळावला होता. घन काही जात नव्हतं, दोन घोट पेज तेवढी पोटात टिकायची.

मी म्हटलं, "बाई, यातला वाटीभर सडून पेज करू का? तुमचाच भात आहे."

"माझा कसा? अजून कोणाचाच नाही तो."

"वाटीभराने काय होतंय?"

"वाटीभरात एक वाफा होतो. तीन गावांना बी द्यायचंय गं. एकट्या पास्कलकडे ठेवलं आणि त्याचाच बांध फुटला तर मग काय करशील?"

आतून निखिल म्हणाला, "आई, लोक गॅलरीत चार टोमॅटो लावतात ना, ते पण स्वतःचे टोमॅटो खातात."

"टोमॅटो कोणी पण लावील रे," बाई म्हणाल्या आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधून ती माझ्या हातात दिली. त्या दिवशी आम्ही त्यांना विकतच्या तांदळाचीच पेज दिली. मला ते मनातून पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलंय असं म्हणवत नाही. ज्या माणसाने आयुष्य घालून एक अन्न तयार केलं त्याच्या तोंडात त्यातला एक घास पडू नये, हा कसला नियम? पण नियम त्यांचाच होता, आणि बियाणं खाल्लेल्या घराचं पुढे काय होतं हे वेंगुर्ल्याहून उठून आलेल्या माणसाच्या मुलीला मी काय सांगणार होते?

यंदा ते बी तीन गावांत पेरलं गेलं. गोराईच्या चर्चमध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे सुगीचा सण, असतो. नव्या भाताची पेंढी वाजतगाजत नेऊन तिला आशीर्वाद घेतात. पास्कलकाकांनी यंदा बाईंच्या भाताची पेंढी नेली आणि त्यातल्या चार लोंब्या माझ्याकडे दिल्या. मी त्या संध्याकाळी मुलुंडला घेऊन गेले. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी एक दाणा नखाने दाबला. पांढरं दूध बाहेर आलं.

"कच्चा आहे. अजून पंधरा-वीस दिवस," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघींनीही मनातल्या मनात तो हिशेब केला असावा. मग त्यांनी निखिलला आंब्याची पानं आणायला लावून त्या लोंब्या दारावर बांधून घेतल्या. कोकणात दसऱ्याला नवं बांधतात तसं. निखिलने गाठ उलटी मारली, म्हणून दोनदा सोडून पुन्हा बांधायला लावली. मी निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. "आधी बी काढायचं. तिन्ही गावांचं. उरलं तरच भात."

"उरेल, बाई."

"बघू या."

ही आमची शेवटची भेट. बाई गेल्या तेव्हा दाण्यात दूध उरलं नव्हतं, पण कापणीला अजून अवकाश होता.

पीक कापलं ते दिवाळीनंतर. तीनपैकी एका गावात पीक बेताचंच आलं. पाणी फार दिवस साचून राहिलं होतं. गोराई आणि दुसऱ्या गावात चांगलं आलं. म्हणजे काम संपलेलं नाही, अजून निवड करावी लागेल, आणि ती आता मला करावी लागेल. बाईंनी सांगितलं तसं आम्ही आधी बी काढलं, वाळवलं, तिन्ही गावांत पोहोचवलं, थोडं दूरच्या दोन ओळखीच्या शास्त्रज्ञांना पाठवलं. त्यानंतरही पास्कलकाकांच्या घरी एक पोतं शिल्लक राहिलं. काकांनी त्यातलं थोडं सडून घेतलं आणि इस्त्रीचा शर्ट घालून, सुक्या बोंबलांची पुडी घेऊन पहिल्यांदाच मुलुंडला आले.

भात निखिलने शिजवला. मी करते म्हटलं तर नको म्हणाला. पांढऱ्या तांदळाच्या मापाने पाणी घातलं, त्यामुळे पहिल्यांदा तो कच्चाच राहिला. काकांनी पातेल्यात डोकावून सांगितलं, "हा काय तुमचा दुकानातला तांदूळ नाय. पाणी घाल अजून. घाल, घाबरतोस काय?" पुन्हा शिजवला. आम्ही ताटं घेऊन बसलो आणि पहिला घास घ्यायला कोणीच तयार होईना. शेवटी निखिलने घेतला. बराच वेळ चावत राहिला.

चव कशी होती, हे वाचणाऱ्यांना खरं सांगायला हवं. दाणा जाड आहे, फिकट तांबूस. वास फारसा नाही. चावून खावा लागतो. काका म्हणाले, "पेजेला झकास. बिर्याणी करायला जाऊ नका कोणी." निखिल म्हणाला, "आईला आवडला असता का गं?" मी म्हटलं, दोन दोष तरी काढले असते आणि पुढच्या हंगामात काय बदलायचं ते सांगितलं असतं. मग आम्ही आणखी वाढून घेतलं. जेवणं झाली, काका बोट चुकेल म्हणून घाईने निघाले, आणि मी भांडी आवरायला आत गेले तर पातेल्यात तळाशी दोन-तीन वाट्या भात होता. निखिलने अंदाज न घेता जास्तच लावला होता. आम्ही दोघंही पातेल्याकडे बघत उभे राहिलो. बाईंचा भात उरला होता.

निखिलने तो डब्यात काढला. फ्रिजमध्ये बाईंची बियाण्यांची पाकिटं अजून तशीच आहेत. वरच्या दोन कप्प्यांत त्यांच्याच हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या, निवडींचे क्रमांक. ती त्याने जराशी बाजूला सरकवली आणि मधोमध डबा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज आला. फोडणीचा भात केलाय, ऑफिसला नेतोय, कांदा थोडा करपला.